लांबचं लख्ख दिसतं, मग काळजी कसली

आमच्या घराण्यात मिरवण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे नजर. रान जेमतेम, शिक्षण माझ्या बी.ए.वर येऊन थांबलेलं, आणि दिसण्याचं तर बोलायलाच नको. पण आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजारात आमच्या घरातला माणूस भेटला की कोणीतरी हमखास विचारणार, "ते पल्याडच्या टेकाडावर कोण चाललंय, सांगा बरं." आणि आम्ही सांगतो. नुसतं कोण ते सांगून थांबत नाही. तो कुठून आला, कुठं चाललाय आणि बायकोशी भांडून निघालाय की काय, हेही सांगतो. शेवटचं अंदाजानं असतं. पण पहिलं बरोबर निघालं की शेवटच्यावर कोणी शंका घेत नाही.

ही नजर मेंढरांमागं चालून कमावलेली, असं आमचे बा म्हणतात. त्यामुळं घरात एक रीत पडून गेलेली. लेकरू जरा कळतं झालं की त्याला गावाबाहेरच्या माळावर न्यायचं, एका उंच दगडावर उभं करायचं आणि ओढ्यापलीकडं चरणाऱ्या कळपातलं एकेक जनावर विचारायचं. ती बाभळीखालची कोणती? बांधावर चढलेली कोणती? मेंढरं तुम्हाला सगळी सारखी दिसत असतील, पण आम्हाला ती गावातल्या माणसांसारखी वेगवेगळी दिसतात. लेकरानं बराबर सांगितलं की त्याच्या हातात काठी द्यायची. नाही सांगता आलं तर नाही द्यायची. माझ्या एका चुलतभावाला लहानपणीच चष्मा लागला, त्याला काठी कधीच मिळाली नाही. तो पुढं शिकला, नोकरीला लागला, हिंगोलीत पक्कं घर बांधलं, दारात गाडी उभी केली. तरी आम्ही त्याच्याबद्दल बोलताना "बिचारा" असंच म्हणतो.

माझ्या लेकीची परीक्षा मीच घेतली. ती तेव्हा शाळेतही जात नव्हती. दगडावर उभी राहिली, कपाळावर हात आडवा धरला आणि मी विचारायच्या आधीच सांगायला लागली.

"ती काळ्या कानाची बाभळीखाली बसली. तिच्या मागं फाटक्या कानाची. अन् पप्पा, आपली पांढरी हाय ना, ती पुढचा पाय उचलून चालून राहिली."

मी पाहिलं. मला काही पाय-बिय दिसला नाही. ओढा ओलांडून जवळ गेलो तर पांढरीच्या खुरात खरंच काटा. त्या दिवशी मी लेकीच्या हातात काठी दिली, तिला खांद्यावर बसवून गावात आणलं आणि वाटेत जो भेटेल त्याला ही गोष्ट सांगितली. जो भेटला नाही त्याच्या घरी जाऊन सांगितली.

त्यामुळं ती दुसरीत असताना शाळेतल्या बाईंनी मला बोलावून "हिचे डोळे दाखवून आणा" असं सांगितलं तेव्हा मला हसूच आलं.

बाई म्हणाल्या, "पुस्तक समोर धरलं की लगेच डोळे चोळते. थोड्या वेळानं डोकं बाकावर टेकवते. आणि वाचताना तिचा डावा डोळा नाकाकडं जातो, तुमच्या लक्षात नाही आलं?"

"लाडानं करती ती."

"लाडानं डोळा फिरवते?"

"बाई, मागं शाळेत डोळे तपासायला आले होते का न्हाई? भिंतीवरची अक्षरं टकाटक वाचली तिनं. खालच्या ओळीपर्यंत. तुमच्यासमोरच."

"दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचली. मी तिथंच होते. आणि ती भिंत लांब होती."

बोलून पटत नाही असं दिसल्यावर मी प्रात्यक्षिकच दाखवायचं ठरवलं. लेकीला व्हरांड्यात बोलावलं आणि दूर रस्त्याकडं बोट केलं. "सांग बरं बाईला, ते कोण चाललंय?"

ती म्हणाली, "तांड्यावरचे काका. एक चप्पल पायात हाय अन् एक हातात. हातातलीचा अंगठा तुटला."

मी बाईंकडं अशा नजरेनं पाहिलं की चप्पल जणू मीच तोडून ठेवली होती.

बाई शांतपणे म्हणाल्या, "शाबास. पण मला तिला काकांची चप्पल शिकवायची नाही, धडा शिकवायचाय."

घरी येऊन हा किस्सा मी बायकोला रंगवून सांगितला. ती भाकरी थापत होती. हसायचं तिथं ती हसली नाही. म्हणाली, "संध्याकाळी तिचं डोकं दुखतं ते?"

"अभ्यासानं डोकं दुखणं आपल्या घराण्यात नवीन हाय का?"

"तुमच्या घराण्याची नजर तेवढी टेकाडावरच जाती. चुलीपुढचं लेकरू दिसंना तुमाला." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "उद्या हिंगोलीला जायचं. तुमी येता का मी एकटी जाऊ?"

गेलो. जीपमध्ये मी डॉक्टरांना काय काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो, कारण हे सगळं फुकटचं आहे हे त्यांना पहिल्या पाच वाक्यांत पटवायचं होतं.

डॉक्टर म्हणजे बाईमाणूसच होत्या, वयानं माझ्याहून लहान. त्यांनी लेकीचा एक डोळा झाकून अक्षरं वाचायला लावली. उजव्यानं ती सरसर उतरत गेली. डावा डोळा उघडा ठेवून उजवा झाकला तेव्हा ती वरच्या मोठ्या अक्षरांवरच अडखळली आणि हळूच मान वळवून झाकलेल्या डोळ्यानं पाहायला लागली. माझी जुळवाजुळव तिथं थोडी विस्कटली. मग डोळ्यांत थेंब घातले, बराच वेळ बाहेर बसवलं, बाहुल्या मोठ्या झाल्यावर अंधाऱ्या खोलीत नेऊन एका बारीक उजेडाच्या पट्टीनं डोळ्यांत पाहिलं, समोर एकेक भिंग धरून पाहिलं. या सगळ्या वेळात मी त्यांना पांढऱ्या मेंढीची गोष्ट सांगत होतो.

"मेंढी किती लांब होती?" त्यांनी विचारलं.

"ओढ्यापल्याड!"

"आणि पुस्तक किती लांब धरते?"

"पुस्तक ती धरतच न्हाई," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी टेबलावर एक प्लॅस्टिकचा डोळा होता तो उघडून दाखवला. तेव्हा जे कळलं ते माझ्या शब्दांत सांगतो. हिच्या डोळ्याचा गोळा पुढून मागं आखूड आहे. त्यामुळं चित्र आतल्या पडद्यावर पडायच्या ऐवजी पडद्याच्या मागं जातं. लहान लेकराच्या डोळ्यातलं भिंग लवचिक असतं, म्हणून ती ते फुगवते आणि चित्र ओढून पडद्यावर आणते. लांबचं पाहताना हा जोर थोडा लागतो, जवळचं पाहताना भलताच लागतो. आणि भिंगाला जोर लावला की दोन्ही डोळे आपोआप आत वळतात, कारण या दोन कामांची आतून जोडणीच तशी आहे. डावा गोळा जास्त आखूड, म्हणून तो हरतो आणि नाकाकडं जातो.

"म्हणजे लांबचं दिसतं ते खोटं?" मी विचारलं.

"खरं आहे. पण ती ते कष्टानं पाहते. दिवसभर ओझं उचलून चालल्यासारखं." मग त्यांचा आवाज जरा बदलला. "डावा डोळा नीट चित्र पाठवत नाही, म्हणून मेंदू त्याच्याकडं लक्ष देणं बंद करत चाललाय. याला आळशी डोळा म्हणतात. ही उमर आहे तोवर चष्मा लावून, उजव्यावर पट्टी बांधून त्याला परत कामाला लावता येतं. मोठी झाल्यावर भारीतला भारी चष्मा आणलात तरी तो डोळा पुरता यायचा नाही. जागी असेल तेवढा वेळ चष्मा पाहिजे. समजलं?"

बायकोला समजलं. त्यानंतर डॉक्टरांनी आणखीही काहीतरी सांगितलं, पण मी तेव्हा त्यांना खुरातला काटा कसा काढला ते सांगत होतो.

ते 'आणखी काहीतरी' पुढं महागात पडलं.

चष्मा आला. मधोमध जाड, कडेला पातळ. तो लेकीच्या डोळ्यांवर चढवला आणि दुकानातल्या आरशात मी पाहतो तर नाकाकडं गेलेला डोळा हळूहळू मधोमध येऊन बसला. जादूच. बायकोनं पदर तोंडाला लावला. मी मात्र खूश व्हायच्या आधी बाहेर आलो, लेकीला रस्त्याच्या टोकाकडं वळवलं आणि सवयीनं विचारलं, "ते कोण येऊन राहिलं?"

ती बराच वेळ पाहत राहिली. "पप्पा, धुरकट दिसतंय."

"नीट बघ."

तिनं चष्मा कपाळावर सरकवला. "आता दिसलं. पोतं घेतलेली बाई हाय." चष्मा खाली केला. "आता पुन्हा धुरकट."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी मी तिला माळावर नेलं, त्याच दगडावर उभं केलं आणि रीतसर परीक्षा घेतली. चष्मा लावून नापास. चष्मा काढून पास. पुन्हा लावून नापास. याहून पक्का पुरावा कोणाला हवा असेल तर त्यानं यावं आणि दगडावर उभं राहावं! डॉक्टरीणबाईंनी चांगल्या डोळ्याला चुकीचा नंबर दिला होता, आणि चांगल्या लेकराला अधू करत होत्या. मी चष्मा तिच्या डोळ्यांवरून काढला. तिनं टुणकन उडी मारली. ती इतकी खूश का झाली हे विचारायचं माझ्या मनात आलं नाही.

चष्मा मी खुंटीवरच्या घोंगडीच्या घडीत ठेवला. बायकोला म्हणालो, सवय होईस्तोवर शाळेतच लावते, मोडू नये म्हणून बाईंकडं ठेवून येते. शाळेत बाईंनी विचारलं तर लेक म्हणायची, घरी लावते. आम्हा बापलेकीचं छान जमलं होतं. पण पंधरवडा गेला असेल-नसेल, तेवढ्यात बाई स्वतः घरी आल्या, आणि त्याच सकाळी बायकोनं घोंगडी उन्हात टाकायला काढली. दोन्ही बायका अंगणात एकमेकींसमोर उभ्या, मधे चष्मा. मी गोठ्याकडं निघालो होतो.

"थांबा!" बायको म्हणाली.

थांबलो.

"काहून केलं असं?"

मी माळावरचा पुरावा सांगितला. सगळा. लावून नापास, काढून पास.

"लेकरू पुस्तकाचं पान पाहिलं की रडतंय," बाई म्हणाल्या. "आज तर डोळा आधीपेक्षा जास्त आत गेलाय."

बायको माझ्याकडं न पाहता लेकीची वेणी घालायला बसली. वेणी घालता घालता म्हणाली, "तुमाला मेंढरं ओळखायला माणूस पायजे. मला तिचे दोन डोळे पायजेत."

मी म्हणालो, "चल, आत्ताच्या आत्ता हिंगोलीला. त्या डॉक्टरीणबाईला जाबच विचारतो." आणि मी खरंच जाब विचारायलाच गेलो होतो, हे इथं नोंदवून ठेवतो. जीपमध्ये शेजारच्या माणसालाही सांगितलं की आज तमाशा बघायचा असेल तर चल.

डॉक्टरांनी माझा पुरावा शेवटपर्यंत ऐकून घेतला. मधे बोलल्या नाहीत, त्यामुळं मी आणखी जोरात सांगितला. झाल्यावर त्यांनी एक जड लोखंडी चौकट माझ्या नाकावर ठेवली, तिच्यात दोन भिंगं सरकवली आणि हातात पेपर दिला.

"वाचा."

पेपर नव्हताच. राखेचा पट्टा होता. मी डोळे ताणले, भुवया ताणल्या, शेवटी ओठही ताणले. मोठ्या अक्षरातला मथळासुद्धा हलत होता.

"काय आहे?"

"काहीच न्हाई."

"प्रयत्न करा. दुसरीतल्या पोरीकडून तुम्ही रोज तेवढाच करून घेता."

मी प्रयत्न केला. कपाळात ठणका लागला, डोळ्यांत पाणी आलं, मळमळायला लागलं. "काढा हे," मी म्हणालो.

"शाळा सुटायला अजून वेळ आहे," त्या म्हणाल्या, आणि बायको इतकी हसली की बाहेर बसलेल्या पेशंटनी आत डोकावून पाहिलं.

चौकट काढल्यावर त्यांनी समजावलं. त्या उलट्या जातीच्या भिंगांनी माझा डोळा थोड्या वेळासाठी लेकीच्या डोळ्यासारखा केला होता. आणि लांबचं धुरकट का, तेही सांगितलं. खरं तर दुसऱ्यांदा सांगितलं. डोळ्याला इतकी वर्षं भिंग आवळून पाहायची सवय. आता चष्मा ते ओझं उचलतो, पण डोळा अजून आवळूनच बसलेला, म्हणून जोर दुप्पट होतो आणि लांबचं फिसकटतं. काही आठवडे सतत चष्मा लावला की डोळा सैल पडतो आणि लांबचंही स्वच्छ होतं. हे मात्र मला झटकन पटलं. दांडगा मेंढा शिंगाला धरून बराच वेळ आवळला आणि सोडला, तर पुढं घटकाभर आपली मूठच उघडत नाही. चहाचा कप धरता येत नाही. म्हणून हात कोणी कापून टाकत नाही, आणि मी तर चष्माच घोंगडीत टाकला होता.

"हे मी मागच्या वेळी सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाल्या.

"तवा हे काटा काढत होते," बायको म्हणाली.

सगळं मिटलं असं मला वाटलं. मी चष्मा लेकीपुढं धरला. तिनं हात मागं नेले.

"लाव गं बाई."

तिनं मान हलवली. डोळे भरून आले. "चष्मा लावला की काठी न्हाई ना?"

डॉक्टरांनी विचारलं, "काठी म्हणजे?"

मला ती आमची रीत त्यांना सांगावी लागली. बाजारात ती सांगताना माझी छाती फुगते. तिथं ती सांगताना एकेक वाक्य आखूड होत गेलं. लेक मधेच म्हणाली, "हिंगोलीच्या काकाला न्हाई दिली. ते बिचारे हायेत."

डॉक्टर उठल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही बसा इथं. आता तुमचे डोळे पाहू."

मी म्हणालो माझे डोळे उत्तम आहेत. त्या म्हणाल्या, मुलीचेही उत्तम होते. मला खुर्चीत बसवलं. आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. जनावरांना लस टोचायला माणसं येतात तेव्हा मेंढराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा आकडा वाचून सांगावा लागतो. बारीक आकडा असतो. तो मी कधीच वाचत नाही. मी मेंढी धरतो. कोणालाही धरू देत नाही, अगदी गरीब मेंढीसुद्धा दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरतो आणि ओरडतो, "माझे हात गुंतलेत, आकडा तुमी वाचा!" लोक म्हणतात, कामाला वाघ आहे.

डॉक्टरांनी भिंगं बदलली, अक्षरं वाचून घेतली, आणि म्हणाल्या, "तुमचाही गोळा आखूडच आहे. हिच्याइतका नाही, पण जन्मापासूनचा. आजवर जोर लावून चालवलंत. आता चाळिशी आली, जोर संपला. हे मुलीकडं बहुधा तुमच्या घराण्यातूनच आलंय."

घराण्यातून आलंय हे मी आयुष्यभर सांगत होतो. फक्त काय आलंय ते आत्ता कळलं.

लेकीनं डोळे पुसले. "पप्पालाबी लागला?"

"लागला."

"मग पप्पाची काठी?"

तिघी माझ्याकडं पाहत होत्या. मी आजवर कुठल्याही प्रश्नाला उत्तर नाही म्हणून गप्प बसलेलो नाही. म्हणालो, "काठी माझ्याकडंच राहणार. अन् तुझी तुझ्याकडं. आजपासून आपल्या घरात चष्मा लावल्याबिगर काठीच द्यायची न्हाई."

"आधी तुमी लावा," ती म्हणाली. "रोज. मग मी."

हा सौदा तिनं तिथं केला आणि मी तो पाळला, कारण पाळण्यावाचून इलाज नव्हता. सकाळी ती माझ्या अंथरुणापाशी येऊन उभी राहायची आणि मी चष्मा चढवेपर्यंत स्वतःचा हातातच धरायची. पहिल्या दिवशी कुत्रं माझ्यावर भुंकलं. आमचंच, माझ्या हातची भाकरी खाणारं. बाजारात एकानं विचारलं, "काय, मास्तर झाले का?" म्हणालो, "व्हय, मेंढरांची शाळा काढली. तुझं नाव घालू का?"

बांचा सामना अवघड होता. त्यांनी आम्हा दोघांना दारात उभं पाहिलं आणि म्हणाले, "आता ठेवा दोघं काठ्या खाली. या घरात नजर संपली."

"बा, नियम बदलला."

"कोणी बदलला?"

"मी."

"तुला कोणी इचारलं?" असं म्हणत त्यांनी तंबाखूची चंची उघडली. लेक पुढं झाली, माझ्या नाकावरचा चष्मा काढून तिनं सरळ त्यांच्या नाकावर बसवला. बांनी तिला हाकलायला हात उचलला आणि तो हात तसाच डोळ्यांपुढं थांबला. ते तळहाताकडं पाहत राहिले.

"एवढा चुना खातो व्हय मी?" ते म्हणाले.

नंतर त्यांनी त्या विषयावर तोंड उघडलं नाही. मात्र तंबाखू मळायची वेळ झाली की माझा चष्मा सापडत नाही.

चष्म्यापेक्षा पट्टी वाईट. शाळेतून आल्यावर काही तास उजवा डोळा बंद ठेवायचा, म्हणजे डाव्याला काम करावंच लागतं, आणि त्या वेळात जवळचं बारीक काम द्यायचं. पहिले काही दिवस ती दारांना धडकली, वाटी समजून हवेत हात घातला, पट्टी काढून फेकली. बायकोनं तूर निवडायला दिली, तर खड्यांसकट तूर डब्यात गेली आणि आम्ही आठवडाभर वरण चावून खाल्लं. तांड्यावरच्या एका मावशीनं रंगीत मणी आणून दिले. ते ओवायला ती बसायची. मणी पडायचे, ही रडायची, बायको म्हणायची, "रड अन् ओव." मी गप्प बसायचो. लेकरू रडत असताना गप्प बसणं हे काम मला त्याआधी कोणी दिलं नव्हतं.

मग लसवाले आले. मी सवयीनं मेंढी आवळून धरली आणि ओरडलो, "माझे हात गुंतलेत!" आणि पट्टी बांधलेली लेक मेंढीच्या कानाला नाक लावून उभी राहिली. एकेक आकडा, अडखळत, बोट ठेवून. एक चुकला. लसवाल्यानं पुन्हा वाचायला सांगितलं, तिनं पुन्हा वाचला आणि बराबर वाचला. मग पुढची मेंढी, मग पुढची. त्या दिवसापासून तिला पट्टी बांध म्हणून सांगावं लागलं नाही. कळपात तिची नेमणूक झाली होती.

तपासणीला पुन्हा हिंगोलीला गेलो तेव्हा मी घरातूनच ठरवून निघालो होतो की तोंड उघडायचं नाही. उघडलंही नाही. डॉक्टरांनी उजवा डोळा झाकला. लेक खुर्चीत ताठ बसली. वरची मोठी अक्षरं, त्याखालची, त्याखालची. ती थांबली. बायकोनं माझं मनगट धरलं. लेकीनं पुढं वाकून पाहिलं आणि आणखी एक ओळ वाचली, शेवटचं अक्षर चुकीचं.

"येतोय डोळा," डॉक्टर म्हणाल्या. "अजून पुरता नाही. पट्टी चालू ठेवायची, चष्मा तर ठेवायचाच. पण येतोय. वेळेत आणलंत."

'वेळेत' या शब्दावर बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी छताचा पंखा पाहत होतो.

परतीच्या जीपमध्ये पट्टीची वेळ झाली म्हणून तिथंच पट्टी लावली. समोर एक म्हातारी बसली होती. तिच्या हातात गुडघ्यासाठी आणलेली औषधाची बाटली. ती ज्याला-त्याला विचारत होती, "बाबा, हे प्यायचं का लावायचं, एवढं वाचून सांग की." पहिल्या माणसानं बाटली हातभर लांब धरली. दुसऱ्यानं आणखी लांब. तिसऱ्यानं जीपच्या बाहेर धरली आणि म्हणाला, "उजेड कमी हाय." उजेड भरदुपारचा होता.

म्हातारीचं लक्ष लेकीकडं गेलं. "अगं माय! एवढ्याशा लेकराच्या डोळ्याला काय झालं गं?"

गोळा, पडदा, भिंग, सगळं सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात लेक म्हणाली, "काही न्हाई झालं. हा उघडा हाय ना, तो आळशी हाय. त्याला काम लावलंय." आणि तिनं हात पुढं केला. "आणा इकडं."

बाटली तिनं चष्म्यासमोर धरली. जीप खड्ड्यात गेली, ओळ हरवली, तिनं बोट ठेवून ती परत शोधली. माझा चष्मा माझ्या नाकावर होता आणि मला बाटलीवरची चिठ्ठी तिच्या खांद्यावरून स्पष्ट दिसत होती. मी खिडकीबाहेर पाहायला लागलो.

"फक्त... बाहे-रून... लाव-ण्या-साठी," तिनं वाचलं.

"बरं झालं बाई," म्हातारी म्हणाली. "घरी गेल्या गेल्या दोन झाकणं घेणार होते मी."

सगळी जीप हसली. लेक हसली नाही. ती बाटली फिरवून मागची बाजू पाहत होती. "थांबा आज्जी," ती म्हणाली, "अजून लिहिलंय."